हरकत मंजूर

आपली गल्ली हॉटेल विभागात जाणार ही बातमी औषधवाल्याने आणली, तेव्हा लाँड्रीवाले त्याच्याच शर्टावर इस्त्री फिरवत होते. बातमी ऐकून हात तिथल्या तिथे थांबला आणि कॉलरवर इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलं. एरवी औषधवाल्याने आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "कॉलरचं काय घेऊन बसलात? उद्या गल्लीच राहायची नाही!"

नगरपालिकेच्या नव्या आराखड्यात किनाऱ्यालगतच्या निवासी पट्ट्यावर लाल रंग फासला होता. लाल म्हणजे हॉटेलं. संध्याकाळी लाँड्रीतच सभा भरली. हरकत घ्यायचीच, यावर एकमत झालं. सुनावणीत बोलायचं कोणी, यावर जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी निकाल दिला, "लाँड्रीवाले बोलतील. गल्लीत रोज कडक इस्त्रीत असणारा माणूस तोच एक आहे."

"अहो बाई, मला भाषणं कुठं येतात?"

"त्यात काय यायचंय? मी लिहून देते. तू फक्त आवाज चढव. आम्ही सगळे मागे आहोतच."

लाँड्रीवाले चढले हरभऱ्याच्या झाडावर. पुढचे काही दिवस वॉशिंग मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांनी भाषण घोटलं. बायको म्हणाली, "जरा बेतानं. आपलं पोट या गल्लीवर आहे." पण तोवर वेळ गेली होती.

सुनावणीला ते पांढऱ्याशुभ्र शर्टात उभे राहिले. "साहेब, आमची गल्ली निवासी आहे आणि निवासीच राहिली पाहिजे! तिथे माणसं राहतात, धंदे करत नाहीत! ही एकट्याची हरकत नाही, सगळी गल्ली माझ्या पाठीशी उभी आहे!"

नगररचना अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे?"

लाँड्रीवाल्यांनी वळून पाहिलं. मागे खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर शिपाई पेंगत होता.

"गल्लीतल्या बाकीच्यांनी काल हरकती मागे घेतल्या," अधिकारी म्हणाले. "तुमची ठेवायची की काढायची?"

त्या क्षणी 'काढा' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण इतकं कडक बोलल्यावर लगेच मऊ पडायचं तरी कसं? "ठेवायची!" लाँड्रीवाले म्हणाले. शिपाई दचकून जागा झाला.

तडक ते बाईंच्या दारात गेले. औषधवाला तिथेच बसला होता. त्याला ताप असल्याचा निरोप सकाळी आला होता, पण त्याच्यासमोर आईस्क्रीमची वाटी होती.

"तुम्ही मला तोंडघशी पाडलंत!"

"असं कसं म्हणतोस?" बाई म्हणाल्या. "हॉटेलवाल्यांचा माणूस आला होता. आधी जागांचा भाव अगदीच किरकोळ बोलत होता. तू रोज मोठमोठ्याने भाषण घोटत होतास ना, ते त्यानं गल्लीत ऐकलं. म्हणाला, एवढा विरोध असेल तर भाव वाढवून देतो. तुझे उपकार आहेत रे बाबा आमच्यावर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

औषधवाला वाटीतच बघत म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर भाषण थांबलं असतं."

निकाल लागला. लाँड्रीवाल्यांची हरकत मंजूर झाली होती, त्यांच्या स्वतःच्या जागेपुरती. नकाशावर सगळी गल्ली लाल झाली आणि मधोमध त्यांच्या घराएवढा निवासी पिवळा ठिपका उरला. बायकोने तो बराच वेळ न्याहाळला. "शाबास," एवढंच म्हणाली आणि आत गेली. यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मग पालिकेचा निरीक्षक आला. त्याने मशीनं पाहिली, पाट्या वाचल्या आणि हळहळला. "काका, ही जागा आता निव्वळ निवासी. इथं लाँड्री चालायची नाही."

"अहो, इतकी वर्षं चालतेय!"

"आतापर्यंत कोणी लक्ष दिलं नव्हतं. तुम्हीच सुनावणीत सांगितलंत, इथं कोणी धंदा करत नाही म्हणून. साहेबांनी तसंच्या तसं लिहून घेतलंय."

लाँड्रीवाले धावतपळत अधिकाऱ्यांकडे गेले. "साहेब, चूक झाली. मलाही लाल करा."

"मंजूर हरकत कशी फिरवणार? आता पुढच्या आराखड्यात बघू."

"तो कधी येईल?"

"ह्या आराखड्याची वाट बघता बघता माझे दोन साहेब निवृत्त झाले," अधिकारी मायेने म्हणाले.

शेवटी लाँड्रीवाले हॉटेलच्या माणसाकडेच गेले. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "तुमची जागा आता आम्हाला कामाची नाही. पण काळजी नको, तुम्हाला धक्का न लावता बांधू." शब्दाला माणूस पक्का. घराच्या तिन्ही बाजूंनी भिंती उठल्या, पण घराला धक्का म्हणून लागला नाही.

हॉटेल सुरू झालं. लाँड्रीवाल्यांना मशीनं विकावी लागली आणि गावातल्या दुसऱ्या लाँड्रीत कामाला जावं लागलं. एका सुट्टीच्या दिवशी ते गच्चीवर घरचेच कपडे वाळत घालत होते. तिथे ऊन दुपारी जेमतेम डोकावून जाई. तेवढ्यात वरून हाक आली, "अरे लाँड्रीवाल्या! ओळखलंस का?"

चौथ्या मजल्याच्या सज्जात मुख्याध्यापिकाबाई होत्या. पायांत हॉटेलच्या सपाता, डोळ्यांवर काळा चष्मा.

"लेकाकडे करमत नाही रे," त्या ओरडून म्हणाल्या. "म्हटलं, चार दिवस आपल्या गल्लीत राहून यावं. ही खोली कुठे आहे माहितेय? बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या वर!"

"बरी आहे का?"

"खोली झकास आहे. शेजारी कोण आहे ते मात्र कळत नाही."

जुना राग कुठून उकरून काढावा, ते लाँड्रीवाल्यांना सुचेना. हातातल्या टॉवेलातून पायावर पाणी ठिबकत होतं.

"बाई," त्यांनी मान वर करून विचारलं, "तिथून समुद्र दिसतो?"

"म्हणजे काय! अख्खाच्या अख्खा!"

"मग जरा बघून सांगता का, भरती आहे की ओहोटी?"

बाईंनी चष्मा काढला, कठड्यावरून वाकून नीट पाहिलं आणि वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "भरती!"

"बरं," लाँड्रीवाले म्हणाले आणि टॉवेल पिळू लागले.