शाल्मलीचा शुक्रवारचा फॉर्म

क्विलफर्ड इंटरनॅशनल स्कूलमध्ये मुलांनी आठवडाभरात जेवढं नवं शिकायचं, तेवढं जुनं शुक्रवारी शाळेत ठेवून घरी जायचं, असा नियम होता.

नियम छापील होता. माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर होता आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकाने त्याखाली सही केलेली होती. मुलांच्या डोक्यात जागा ठरावीकच असते, ती वेळच्या वेळी मोकळी करावी लागते, असं शाळेचं म्हणणं. सोमवारी 'या आठवड्यात आम्ही काय शिकणार' हे पत्रक घरी यायचं. मग चार दिवस शिकवणं चालायचं. शुक्रवारी दुपारी मुलं लायब्ररीच्या खिडकीपाशी ओळीत उभी राहायची, फॉर्मवर जे लिहिलेलं असेल ते एकदा मोठ्याने म्हणायची, आतले सोनटक्के सर शिक्का मारायचे, आणि ती गोष्ट मुलाच्या डोक्यातून जायची. दुखत-बिखत काही नसे. ओळ भराभरा पुढे सरकायची.

हेमांगी घोलपला पहिली काही वर्षं यात वावगं असं काही वाटलं नाही. उलट कौतुकच होतं. तिची शाल्मली इंग्रजी मुळाक्षरं शिकली तेव्हा समोरच्या बंगल्यातल्या कुत्र्याचं नाव शाळेत ठेवून आली. बेरीज आली तेव्हा शिट्टी वाजवणं गेलं. ग्रहमाला शिकली त्या शुक्रवारी ती रांगायचं कसं ते विसरली. आता रांगायचंय कुणाला, असं म्हणून हेमांगीने सोसायटीत पेढे वाटले होते.

घोळ झाला होता तो त्याच्याही आधी, प्रवेशाच्या फॉर्मवर. 'बालकास आधीपासून काय काय येते?' असा तिथे एक रकाना होता. आता असा रकाना दिसल्यावर कुठली आई गप्प बसेल? हेमांगीने एकशे बारा गोष्टी लिहिल्या. जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद स्टेपल केला, आणि त्या कागदाच्या तळाशी तीन ओळी कोऱ्या राहिल्या म्हणून त्याही भरल्या: 'तीनचाकी सायकल चालवते. बाबांना ओळखते. आईला ओळखते.'

शाळा फक्त नोंदलेल्याच गोष्टी ठेवून घ्यायची, हे तिला फार उशिरा कळलं. फॉर्मवर जे नाही त्याला शाळा हात लावत नसे. खालच्या मजल्यावरच्या दाभाडे वहिनींनी आपल्या ईशानच्या फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं: 'स्वतः जेवतो. हात धुतो.' ईशान चौथीपर्यंत दोनच गोष्टी शिकला. त्यानंतर त्याच्या डोक्यात काही शिरेना. वहिनींना त्याला अजून भरवावं लागायचं. पण घरातल्या झाडून सगळ्यांना तो ओळखायचा, पार चुलतमामापर्यंत. सुरुवातीला हेमांगीला वहिनींची कीव यायची. अलीकडे ती त्यांच्याकडे बघायचंच टाळत होती.

प्रत्येक गोष्टीचा आकार शाळा ठरवायची. लहान, मध्यम आणि मोठं. तिसरीच्या दुसऱ्या सत्रात भागाकार आला. भागाकार मध्यम होता. शाल्मलीच्या यादीत त्या आकाराचं एकच उरलं होतं, ते म्हणजे बाबा.

"मध्यम?" निरंजन घोलपने फॉर्म हातात घेऊन पहिलं हेच विचारलं होतं. "मी मध्यम?"

त्या शुक्रवारी शाल्मली गाडीत मागे बसली, पट्टा लावला आणि "थँक यू, काका," म्हणाली. निरंजनने गाडी बाजूला घेऊन थांबवली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला घरात बघून विचारलं, काका, तुम्ही इथेच राहता का? तो हो म्हणाला. महिनाभरात त्याला सवय झाली. टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना तो सांगायचाही, "भागाकार मात्र पक्का झाला हो तिचा."

हेमांगीला सवय झाली नव्हती. निरंजनला मारलेली 'काका' ही हाक तिला ऐकवत नसे. तेव्हापासून ती रोज शाल्मली शाळेतून आली की दारातच विचारायची, "मी कोण?" मुलगी "आई" म्हणायची, मग हेमांगी तिच्या हातातून दप्तर घ्यायची.

चौथीच्या नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी पत्रक आलं. या आठवड्याचा विषय होता 'मी आणि माझं जग'. आकार: मोठं.

हेमांगीने कपाटातून एकशे बारा गोष्टींची झेरॉक्स काढली. ठेवून झालेल्या गोष्टींवर शाळेने रेघा मारून पाठवलेल्या होत्या. रेघ न मारलेल्या अकरा ओळी उरल्या होत्या. त्यातल्या दहा लहान होत्या. अकरावी, एकच मोठी, ही होती: 'आईला ओळखते.'

तिने शाळेत फोन लावला.

"आम्हाला दाखला हवाय," ती म्हणाली. "मुलीला काढून घ्यायचंय."

"जरूर, मॅडम," ऑफिसमधली बाई म्हणाली. "दाखला दोन दिवसांत मिळेल. फक्त शाळेत शिकलेलं सगळं शाळेत राहील."

"राहू दे. आणि तिने जे ठेवलंय ते?"

"तेही शाळेतच राहतं. ठेवलेलं परत देण्याची पद्धत नाही."

"अहो, मग आम्ही घरी न्यायचं तरी काय?"

"दप्तर तुमचंच आहे, मॅडम."

हेमांगीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅसची शेगडी पुसली. संध्याकाळी निरंजन आल्यावर तिने सुचवलं, शुक्रवारी शाल्मलीला घरीच ठेवू, ताप आलाय म्हणू.

"गैरहजर असली तर सोनटक्के सर घरी येतात," निरंजन म्हणाला. "स्कूटर आहे त्यांच्याकडे. तिच्या वर्गातल्या गायधनींकडे आले होते. चहा घेतला, शिक्का मारला, गेले."

"आणि फॉर्म कोराच दिला तर?"

"मग शाळा स्वतःच निवडते. मोठ्यातलं मोठं." तो बूट काढता काढता थांबला. "हेमा, पहिला आठवडा जड जातो. मग होते सवय. मुलगी वाईट वागत नाही. उलट जास्त अदबीने वागते."

"मला नकोय तिची अदब!" हेमांगी इतक्या जोरात ओरडली की आतल्या खोलीत पेन्सिलचा आवाज थांबला. "भीती वाटतेय मला, कळतंय का तुला? ती मला मावशी म्हणेल. मावशी, पाणी मिळेल का, म्हणेल. मी मरेन रे."

निरंजनने दुसरा बूट काढला. त्याला आत जाऊन मुलीची समजूत काढावीशी वाटली असणार, पण परक्या माणसाने दार न वाजवता खोलीत येऊ नये असं शाळेने मुलांना शिकवलं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शाल्मली छान शिकत होती. जगाचा नकाशा तिने रंगवला, त्यात आपलं शहर दाखवलं, शहरात आपलं घर. गुरुवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर फॉर्म घेऊन बसली. चौथीपासून फॉर्म मुलांनी स्वतः भरायचा असतो, त्याने जबाबदारी अंगी येते.

"मी कोण?" हेमांगीने विचारलं.

"आई, चौथ्यांदा विचारतेयस आज." शाल्मलीने पेन्सिल तोंडात घातली. "मी दहा लहान मिळून एक मोठं होतं का ते विचारलं मिसना. नाही होत म्हणाल्या."

"तू विचारलंस?"

"मग काय करू? मला तुला ठेवायचं नाहीये." मुलीचा आवाज चिरकला. "पण मग फॉर्मवर काय लिहू? तूच का लिहिलंस ते? ईशानच्या आईने नाही लिहिलं!"

तीन ओळी कोऱ्या होत्या, त्या बऱ्या दिसत नव्हत्या, हे नऊ वर्षांच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार? तिने शाल्मलीला जवळ ओढलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. शेवटी मुलीनेच तिचा हात सोडवला आणि अक्षर जमेल तितकं लहान काढून रकाना भरला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता हेमांगी कोऑर्डिनेटर कर्णिक मॅडमसमोर बसली होती. निरंजन बाहेर गाडीत थांबला होता. मॅडम हसतमुख होत्या, त्यांच्या टेबलावर निवडुंगाच्या तीन कुंड्या होत्या.

"एक सोय आहे," सगळं ऐकून घेऊन मॅडम म्हणाल्या. "कलम नऊ. मुलाऐवजी पालक स्वतःचं काही ठेवू शकतात. फारसं कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही. आकार मात्र तोच हवा."

हेमांगी खुर्चीत पुढे सरकली. तिच्या जिवात जीव आला. "घ्या. काय हवं ते घ्या. माझं एम.एस्सी. आहे, केमिस्ट्रीत. पहिला वर्ग."

मॅडमनी तक्ता पाहिला. "लहान."

"हार्मोनियम. सात वर्षं शिकलेय."

"लहान."

"गाडी चालवते. मसाले घरी करते, सगळी प्रमाणं तोंडपाठ आहेत. माझी आई आहे साताऱ्याला, तिला... तिला विसरेन मी. सांगेन तिला समजावून."

"तुमच्या आईंची नोंद नाही हो आमच्याकडे," मॅडम हळहळल्या. "ज्याची नोंद नाही ते आम्ही घेऊ शकत नाही. पालकांची नोंद मुलाखतीतून होते. थांबा, काढते." त्यांनी फाइल उघडली. "प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं, तुमच्या आयुष्यात सगळ्यात मोठं काय? घोलप सरांनी 'मेहनत' सांगितलंय."

"मग ती घ्या की!"

"ती लहानात येते. आणि तुम्ही सांगितलंय..." मॅडमनी चष्मा वर केला. "'माझी मुलगी'."

हेमांगीला तो दिवस लख्ख आठवला. मुलाखतीला जायच्या आदल्या रविवारी तिने आणि निरंजनने घरी तालीम केली होती. करिअर म्हणू नकोस, बरं दिसत नाही, असं तोच म्हणाला होता. तिने ते वाक्य आरशासमोर पाठ केलं होतं आणि तेव्हा ते पाठ केलेलं वाक्यच होतं, शाल्मली जेमतेम तीन वर्षांची होती.

"हे मोठं आहे," कर्णिक मॅडम म्हणाल्या. "अगदी बरोबर बसतं."

"म्हणजे ती मला ओळखेल..."

"आयुष्यभर. कलम नऊ लागलं की मुलाची ती नोंद कायमची सुटते. परत कधी विचारणार नाही आम्ही."

"आणि मी तिला..."

"सव्वादोन झाले," मॅडम म्हणाल्या. "अडीचला खिडकी उघडते. सावकाश ठरवा."

बाहेर कॉरिडॉरमधून मुलं ओळीने चालली होती. बोलण्याचा आवाज नव्हता, नुसता बुटांचा येत होता. हेमांगीला काचेतून शाल्मली दिसली. फॉर्म दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत होती, ओठ हलत होते. शुक्रवारी म्हणायचं वाक्य ती पाठ करत असणार. इतकी भीती तिला बाळंतपणातही वाटली नव्हती. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि मॅडम बोट ठेवतील तिथे तिथे सह्या केल्या.

लायब्ररीच्या खिडकीपाशी पालकांना आधी सोडतात. सोनटक्के सरांनी शिक्का शाईवर दाबून तयार ठेवला.

"शाल्मली निरंजन घोलप," हेमांगी म्हणाली. "माझी मुलगी."

"जरा मोठ्याने, ताई. मला ऐकू यायला हवं."

ओळीत सहाव्या नंबरवर उभी असलेली शाल्मली तिच्याकडे बघत होती. हेमांगीने तिच्यावरची नजर काढली नाही. डोळे, भुवईवरचा कांजिण्यांचा डाग, उजवीकडे घसरलेली वेणी, सगळं ती बघत राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "शाल्मली निरंजन घोलप. माझी मुलगी!"

शिक्का बसला.

हेमांगी खिडकीपाशी उभी होती. गाल ओले लागले म्हणून तिने रुमालाने पुसले. या एवढ्या मोठ्या शाळेत आपण कशाला आलो ते तिला नीटसं आठवेना, पण बरं वाटत होतं. सकाळपासून कसली तरी विलक्षण धास्ती होती, ती पार गेली होती. लायब्ररी सुरेख होती. ओळीतली मुलं गुणी दिसत होती. त्यातल्या एका मुलीच्या हातातला फॉर्म सरांनी वाचला, त्यावर आडवी रेघ मारली, आणि ती मुलगी धावत येऊन हेमांगीला बिलगली. हेमांगीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लहान मुलांना तिची ओढ लगेच लागायची, असं सगळेच म्हणायचे.

गाडीपाशी निरंजन उभा होता. नवरा दिसल्यावर हेमांगीला हायसं वाटलं.

"हॅलो, काका," ती मुलगी म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

"झालं?" निरंजनने विचारलं.

"काय झालं?" हेमांगी म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाची रे ही? सोडायचंय का कुठे हिला?"

निरंजनने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीत पाहिलं. त्याला किल्ली लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आपल्याच बाजूला," तो म्हणाला.

"बरं."

गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या सीटवरून त्या मुलीने पुढे वाकून हेमांगीच्या ओढणीचं टोक धरलं होतं. तिचा आवाज स्पष्ट होता, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा.

"मी शाल्मली," ती म्हणाली. "हे माझं शहर. तू माझी आई आहेस. मला येतं."

हेमांगी वळली आणि अगदी मनापासून कौतुकाने हसली.

"अगं बाई, छान!" ती म्हणाली. "कुणी शिकवलं गं तुला?"