बंपर नीट पुसलेला नाही

शिंदेअण्णांना जुना फोटो दाखवू नये. दाखवायचाच असेल, तर ज्यात मोटार नाही असा दाखवावा. माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो मी पुण्याहून बेंगळुरूला जिवापाड जपून आणला आणि वरच्या मजल्यावरचे मराठी शेजारी म्हणून मोठ्या हौसेनं त्यांना दाखवला. अण्णांनी खिशातलं भिंग काढलं, आजीला अंगठ्यानं झाकलं आणि म्हणाले, "ओपेल. जर्मन. पुसलीय बघ कशी!"

"अहो अण्णा, अंगठ्याखाली माझी आजी आहे!"

"आजी सरी. हेडलाइट बघ."

अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं. त्यांच्या मराठीला येता-जाता कानडीची फोडणी असते; सरी म्हणजे ठीक. सत्तरी उलटलेला हा माणूस मला अक्का म्हणतो, मला! बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जन्मभर माल तपासला, निवृत्त झाले आणि लोकांचे अल्बम तपासायला लागले. त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन मोटारीच हव्यात. अशाच एका गोलमटोल गाडीला मी ॲम्बेसेडर म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परवा मात्र कहर झाला. तळमजल्यावरच्या मूर्तींचे वडील वारले. मूर्तींनी सोसायटीच्या ग्रुपवर वडिलांचा तरुणपणीचा, गाडीला टेकून उभे असतानाचा फोटो टाकला. सगळ्यांनी हात जोडले. अण्णांनी लिहिलं, "मर्सिडीज. आखूड नाकाची. बंपर नीट पुसलेला नाही."

लगेच मूर्तीबाईंचा मला फोन. तुमच्या माणसाला जरा समजवा म्हणे. माझा माणूस! मराठी बोलतो एवढ्यावर हे लचांड माझ्या गळ्यात? ऑफिसची मीटिंग अर्धवट टाकून मी तणतणत वर गेले.

"अण्णा, लोकांच्या घरचं माणूस गेलंय आणि तुम्ही बंपर कसला बघता? फोटोतली माणसं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"चुकलं. मूर्तींची माफी मागतो. पण स्वल्प थांब, अक्का." त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. "आमची लांब नाकाची होती."

"तुमच्याकडे मर्सिडीज होती?"

"मालकाची. अप्पा चालवायचे. फोटो काढायचा म्हटलं की मालकाचं कुटुंब गाडीपुढे. ड्रायव्हर आत, नाहीतर बाजूला. माझ्या वडिलांचा एकसुद्धा फोटो नाही, अक्का. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा. चेहरा आठवत नाही, गाडी आठवते. म्हणून आधी गाडी ओळखायची, मग काचेच्या आत बघायचं."

मी पाकीट हातात घेतलं. माझीच मला लाज वाटली.

पाकिटात एकच फोटो होता, चिकपेटच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेला. लांब नाकाची गाडी, पुढे हसणारी पाच-सहा माणसं. नंबरही तोच, अण्णा म्हणाले. मग भिंग माझ्या हातात दिलं. "तुझे डोळे तरुण आहेत. स्टिअरिंगमागे बघ. अप्पांना मिशी होती म्हणे. आहे का?"

मी बघितलं. तिरकं करून, उजेडात नेऊन बघितलं. आहे म्हणून टाकावं असं मनात आलं, पण जन्मभर माल तपासलेल्या माणसाशी खोटं काय बोलणार?

"काचेवर झाडाची सावली आलीय, अण्णा. टोपीसारखं काहीतरी आहे. चेहरा नाही दिसत."

"सरी," ते म्हणाले. फोटो परत घेतला, शर्टाच्या टोकानं हलकेच पुसला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. या वेळी अंगठा कुणावरही नव्हता. बोट बंपरवर होतं.

"पण हे बघ. फोटो काढणारासुद्धा दिसतोय यात. काय पुसलीय बघ अप्पांनी!"