आक्का मशीन बघायला येतात

आमच्या समोरच्या आक्का कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतात. भाकरी, टोमॅटो, डबा, लग्नपत्रिका, काहीही. मागे गल्लीतल्या एका लग्नात त्या आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाच्या शेरवानीचा काठ उलटवून बघू लागल्या. नवरदेव घाबरून सोफ्यात मागे सरकला. "थांब रं, शिलाई बघतेय," आक्का म्हणाल्या. तो फोटो अल्बममध्ये आहे.

आक्का मूळच्या सांगलीकडच्या. साताऱ्यात त्यांनी तीस वर्षं शिवणवर्ग चालवला. मीही तिथेच शिकले. ब्लाउज कितीही सुरेख शिवून नेला तरी त्या हात पुढे करून एवढंच म्हणायच्या, "आधी उलटं दाखव." आता मुली मोबाईलवर बघून शिकतात. वर्ग बंद झाला, आक्का एकट्या राहतात आणि हात पुढे करायला समोर कुणी नसतं.

यंदा मला एका शाळेच्या खेळाच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली. कापड ताणलं जाणारं. माझ्या काळ्या मशीनवर फक्त सरळ टाका पडतो, आणि सरळ टाक्याने अशी पँट शिवली तर पोरगं पहिल्याच उठाबशीला उघडं पडेल. त्याला नागमोडी टाका घालणारं झिगझॅग मशीन हवं. नवं घेतलं होतं, त्याचं प्लास्टिकचं चाक चार महिन्यांत झिजलं. म्हणून मी जुनं, अख्खं लोखंडी मशीन शोधायचं ठरवलं.

"बघायला मी येते," आक्का म्हणाल्या. मी त्यांना अजून विचारलंही नव्हतं.

नऊच्या एसटीला जायचं, तर आक्का सहापासून इस्त्रीची साडी नेसून पायरीवर बसलेल्या. हातात पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. तिच्यात मलमल, जीनची चौपदरी घडी, जुन्या बनियनचे तुकडे आणि दोन रिळं. वर लाल दोरा, खाली पांढरा. मशीनमधला दोऱ्याचा ताण बिघडला असला तर उलट बाजूला लाल ठिपके दिसतात.

पहिलं मशीन वाईला, घाटाजवळच्या एका घरात. हिरवट रंगाचं, जपानी, उचलताना कंबर आठवावी इतकं जड. आक्कांनी चाक हाताने फिरवलं, डोळे मिटून मशीनला कान लावला. मग भरलेला चहाचा कप मशीनच्या टेबलावर ठेवून पायडल दाबलं आणि बनियनच्या तुकड्यावर टाके घातले. थेंबही बशीत सांडला नाही. तो चहा पीत त्यांनी घरच्या सुनेकडून कैरीच्या लोणच्याची कृती घेतली, तिच्या नणंदेची सगळी गाऱ्हाणी ऐकली. दीड तासाने उठल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "सुई डावीकडं जाताना अडखळती. नगो."

"मला तर काही दिसलं नाही."

"तुला कवा दिसलंय."

दुसरं पुढच्या आठवड्यात कराडला, एका निवृत्त सुभेदारांकडे. त्यांनी मशीन बुटासारखं चकचकीत पुसून ठेवलं होतं. आक्कांनी वरचं झाकण उघडलं. आत पांढरं प्लास्टिकचं चाक. "सुभेदार, वरनं लोखंड हाय, पर आत कायबी न्हाई."

"आमची मंडळी मला ह्येच म्हणती," सुभेदार म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

तिसऱ्यासाठी त्याच्या पुढच्या आठवड्यात थेट सांगली. एका जैन व्यापाऱ्याच्या घरी त्यांच्या आईशी आक्का अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत बसल्या. जेवण झालं, पान झालं. दोन बायका पन्नास वर्षांच्या मैत्रिणी असल्यासारख्या हसत होत्या. निघताना निकाल लागला, "आवाज पातळ हाय. नगो."

शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते, आणि माझ्याकडे मशीन नव्हतं. परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसून लगेच झोपल्या. त्यांची पिशवी माझ्या मांडीवर. पाण्याची बाटली काढताना हाताला तिन्ही ठिकाणचे नमुन्याचे तुकडे लागले. प्रत्येकावर बॉलपेनने गावाचं नाव. मी त्यांचीच शिष्या. वाईचा तुकडा उलटा केला.

टाका डावीकडे जितका, उजवीकडे तितकाच. खाली एकही लाल ठिपका नाही. दोन्ही हातांनी ताणून पाहिला, दोरा तुटला नाही. सांगलीचा तुकडाही तसाच. कराडचा मात्र खरोखरच गुंता होता.

मला संताप आला. माझे दिवस जात होते आणि ही बाई लोणच्याच्या कृती गोळा करत होती. उठवून विचारावं म्हणून वळले. आक्का तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. कपाळ खिडकीच्या काचेवर आपटत होतं, तरी चेहऱ्यावर समाधान होतं. वाईहून निघताना ती सून म्हणाली होती, "आवं आक्का, परत या." गल्लीच्या टोकापर्यंत आक्कांनी तीनदा मागे वळून हात केला होता. मी पिशवीची घडी करून त्यांचं कपाळ आणि काच यांच्या मध्ये सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "वाईचं मशीन घेतेय. फोन केला, अजून आहे."

"अडखळतंय म्हटलं न्हवं का?"

"आक्का, मी उलटं बघितलं."

त्यांनी हातातलं ताट उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. "बरं शिकीवलं म्या तुला," म्हणाल्या. आणि ताट पदराने पुसत, "म्हंजे आता बघायचं कायबी ऱ्हायलं न्हाई."

मशीन आलं. गणवेश वेळेत गेले, एकही शिवण उसवली नाही. शेवटचा गठ्ठा पोचवून येताना मी आक्कांच्या पायरीशी थांबले.

"आक्का, माझ्या जावेलाही एक जुनं झिगझॅग हवंय. बघायला याल?"

आक्का तेवीस वर्षं माझ्यासमोर राहतात. माझा नवरा एकुलता एक आहे, हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"शोभे, तुझ्या जावेला घाई न्हाई ना?"

"मुळीच नाही."

"मग बरं," म्हणाल्या, आणि साडीला इस्त्री करायला आत गेल्या.