वगळलेल्या दोन ओळी

"आ करा," बायको म्हणाली.

"अगं, आज नको. अकराला मालकांनी बोलावलंय."

"म्हणूनच तर! त्यांच्यासमोर बोलताना तो पुढचा दात डुगडुगला, तर सहसंपादक करतील का कोणी? आ करा म्हणते ना!"

त्याने आ केला. आरोग्याच्या एका मासिकात तो बावीस वर्षं मुद्रितं तपासत होता. ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी तो लांबूनच पकडायचा, म्हणून कचेरीत त्याला सगळे वेलांटीच म्हणत. मजकुरात काय लिहिलंय याच्याशी मात्र त्याला काही देणंघेणं नसे. सहसंपादकाची खुर्ची रिकामी झाल्यापासून त्याचा जीव तिच्यात अडकला होता आणि नेमक्या याच वेळी हिरड्यांनी दगा दिला. ब्रश लावला की रक्त. दंतवैद्याचं नुसतं नाव काढलं तरी तो विषय बदलायचा, त्यामुळे उपचार घरच्या घरी चालले होते.

आज बायकोने वाटीत तीन गोळ्या चेचून त्यांचा लगदा केला होता. तिला झोप लागत नाही म्हणून बहिणीने मेलाटोनिनची बाटली दिली होती, त्यातल्या त्या गोळ्या.

"या झोपेच्या ना?"

"हिरड्यांनाही चालतात. अंधार पडला की मेंदूत जे पाझरतं, तेच हे. सूज उतरते, दाताखालचं हाड टिकतं. तुमच्याच मासिकात पानभर लेख आलाय. तुम्हीच तपासलात ना?"

"तपासला की."

"मग?"

तपासला होता हे खरंच होतं. 'हिरड्यां'ची वेलांटी त्याने तीन ठिकाणी ऱ्हस्व केली होती. पण तपासला म्हणजे वाचला असं नाही, हे बायकोला सांगायला तोंड मोकळं हवं, आणि तोंडात तर तिची बोटं होती.

"गिळू नका हं," ती म्हणाली, तोवर निम्मा लगदा पोटात गेला होता.

बसमध्ये त्याला अशी पेंग आली की तो दोन थांबे पुढे गेला. घामाघूम होऊन तेवढं अंतर परत चालत कचेरीत पोचला, तर मालकांच्या खोलीत तो लेख लिहिणारे दंतवैद्य लालबुंद होऊन बसलेले.

"शेवटी मी स्पष्ट लिहिलं होतं," ते अंक आपटत म्हणाले, "की हे सगळं अजून प्राथमिक अभ्यासात आहे, डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी गोळ्या घेऊ नयेत, गुंगी येते! कालपासून लोकांचे फोन घेतोय मी. कुठे गेलं ते वाक्य?"

वेलांटीची झापड क्षणभर उडाली. वाक्य कुठे गेलं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. मजकूर पानात मावत नव्हता, दोन ओळी जास्त होत होत्या. अशा वेळी तो डोळे मिटून शेवटून कापायचा. शेवटी लेखक उपदेश करतात आणि तो कोणी वाचत नाही, असा त्याचा अनुभव होता.

"तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," मालक त्याला म्हणाले. "कोणी कापलं ते सांगा. सहसंपादक म्हणून हेच तुमचं पहिलं काम समजा."

म्हणजे खुर्ची त्याचीच! अक्षरजुळणीच्या बाईंचं नाव त्याच्या जिभेवर आलं. गरीब बाई, कधी उलटून बोलायच्या नाहीत. "त्याचं असं झालं..." त्याने सुरुवात केली आणि कपाळ टेबलावर टेकून तो चक्क घोरू लागला.

दंतवैद्यांनी त्याची हनुवटी उचलून ओठ वर केला. "अहो, यांच्या हिरड्यांना तेच लावलंय!"

मालकांनी कपाटातून त्या लेखाचं मुद्रित मागवलं. शेवटच्या परिच्छेदावर लाल शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'दोन ओळी वगळा.' खाली वेलांटीची सही होती.

त्याला जाग आली तेव्हा चार वाजले होते आणि तो बाहेरच्या बाकावर होता. समोर सहसंपादकाच्या खुर्चीत मासिकासाठी जाहिराती आणणारा जाहिरातवाला बसला होता. घडलेलं सगळं त्याने चवीचवीने सांगितलं. "मालक म्हणाले, जाहिरातवाल्याला निदान काय कापायचं नाही ते तरी कळतं."

घरी बायको दारातच उभी होती. "झालात?"

"नाही."

"का हो?"

"झोप लागली. मालकांसमोर."

तिचा चेहरा पडला. "त्या गोळ्यांनी? अगं बाई! तरी तुम्ही नको म्हणत होतात. मीच हट्ट केला. मीच तुमचं वाटोळं केलं." ती तिथेच खुर्चीत बसून हुंदके देऊ लागली.

तो एक बूट काढून उभा होता. त्या दोन ओळी मीच कापल्या, एवढंच सांगायचं होतं. त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही नीट जोडून ठेवले.

"रागावलात का माझ्यावर?" तिने पदराने डोळे पुसत विचारलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुला काय माहीत होतं?"

आणि त्याने मोठ्या मनाने तिला माफ केलं.