वळणावरच्या किंचाळीचा तपास

"मी जन्मजात गुप्तहेर आहे," बाबा आरशासमोर भांग पाडत म्हणाले. "रेल्वेनं मला आयुष्यभर तिकिटं तपासायला लावली, हे देशभरातल्या गुन्हेगारांवर उपकारच झाले." आरशातल्या गृहस्थांनी मान डोलावली. घरात बाबांशी सहमत असलेले तेवढे एकच होते.

रविवार होता. दुसऱ्या दिवशी लेकीला परगावी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि आपल्या छोट्या गाडीनं ती एकटीच जाणार होती. पण काही दिवसांपासून गाडीला एक खोड लागली होती. स्टिअरिंग वळवलं की पुढून कुठूनतरी 'कुंईऽऽ' असा आवाज यायचा, मांजराच्या शेपटीवर कुणी सवडीनं पाय द्यावा तसा. बाबांनी फर्मान काढलं होतं की आरोपी हाती लागेपर्यंत गाडी गाव सोडणार नाही. गाडी नाही तर लेक नाही, हा पुढचा भाग त्यांनी बोलून दाखवला नव्हता.

लेकीची नेमणूक सहायक म्हणून झाली होती. काम दोनच: विजेरी धरायची आणि शंका काढायच्या नाहीत.

पहिला संशय उंदरावर गेला. बाबांनी बॉनेटखाली पावाचा तुकडा ठेवला. सकाळी तुकडा जसाच्या तसा होता. यावरून तुम्ही-आम्ही म्हटलं असतं की उंदीर नाही. बाबा म्हणाले, उंदीर सावध आहे. दुसरा संशय समोरच्या घरातल्या निवृत्त कॅशियरवर, कारण गाडी घेतली तेव्हा ते "छान आहे" म्हणाले होते आणि त्यांचा सूर बाबांना खटकला होता. त्यांच्या बुटांवर आठवडाभर पाळत राहिली. बाबांचं सगळं शास्त्र बुटांवर उभं होतं. चेहरा खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत. विनातिकीट माणूस तपासनीस दिसला की आधी पाय बाकाखाली ओढतो, हे त्यांनी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं.

कॅशियरचे बूट निर्दोष निघाले, तेव्हा गाडी मेकॅनिककडे गेली. त्यानं स्टिअरिंगचं तेल पाहिलं, खालचे सांधे हलवले, ग्रीस भरलं आणि बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारली. गाडी मुकी. मग लेक चालवायला बसली, बाबा पुन्हा शेजारी, आणि पहिल्याच वळणावर कुंईऽऽ.

"सराईत आहे," बाबा कौतुकानं म्हणाले. "पोलीस दिसला की गप्प."

मेकॅनिकनं मात्र लेकीच्या हातांकडे असं पाहिलं, जणू दोष स्टिअरिंगमध्ये नसून ते धरणारीत आहे. तिच्या ते जिव्हारी लागलं. आपल्याला गाडी नीट येत नाही असं बाबांनाही वाटतं, हा तिचा जुना समज होता.

तर त्या रविवारी शेवटची फेरी निघाली. आई साक्षीदार म्हणून मागे बसली. खरं तर तिला वाटेत शिंप्याकडून पडदे आणायचे होते. गाडी कोपऱ्यावर वळली, कुंई झालं, बाबांनी डॅशबोर्डला कान लावला आणि सहायकाला पुन्हा वळायला सांगितलं. मैदानाला दोन प्रदक्षिणा झाल्या. आरोपी दर कोपऱ्यावर ओरडत होता आणि बाबांचा सिद्धान्त दर कोपऱ्यावर बदलत होता.

"अहो," आई मागून म्हणाली, "पाय वर घ्या."

तपासात ढवळाढवळ नको, असं बाबांनी बजावलं.

"घ्या तर खरं."

फरशी पुसताना मुलं घेतात तसे बाबांनी दोन्ही पाय वर घेतले. लेक वळली. गाडी चिडीचूप.

"आता ठेवा."

लेक पुढच्या कोपऱ्यावर वळली. बाबांचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला आणि तिथे नसलेल्या ब्रेकवर घट्ट दाबला गेला. नव्या बुटाचा रबरी तळ पायाखालच्या रबरी मॅटवर घासला. कुंईऽऽ.



"बूट नवे आहेत," आई म्हणाली. "ब्रेक तुम्ही ती शिकत होती तेव्हापासून दाबताय."

आरोपीनं स्वतःच तपास हाती घेतल्याचं हे इतिहासातलं पहिलंच प्रकरण असावं, असं बाबांनी गंभीरपणे नमूद केलं आणि पाय सीटखाली ओढून घेतले.

"मग मेकॅनिक चालवत होता तेव्हा का नाही दाबलात?" लेकीनं विचारलं.

"त्याची काळजी करायला त्याचे वडील आहेत."

यावर लेकीला पुष्कळ बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी चपला घालून बसा. संध्याकाळी बाबांनी स्वतः गाडीच्या काचा पुसल्या, गाडीला निर्दोष सोडल्याचं जाहीर केलं आणि लेकीला जायची परवानगी दिली. पहाटे आई त्यांना उठवायला गेली तेव्हा ते झोपेतच गेलेले होते.

नव्या कचेरीनं थांबायची तयारी दाखवली. सगळे पाहुणे परतल्यावर, आई थोडी सावरल्यावर, एका सकाळी लेक एकटी निघाली. गल्लीचा कोपरा गेला, मैदानाचा गेला, पुलाखालचं अवघड वळण गेलं. कुठे हूं नाही की चूं नाही. गावाबाहेर रस्ता रुंद झाला तिथे तिनं गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या आणि शेजारच्या सीटकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली:

"बाबा, तुमचा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून पाय दाबता, असं मला वाटायचं. मी चिडायचे. पण तुम्ही तसे शेजारी बसलेले असलात की मला कधी भीती वाटली नाही. एकदाही नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज भीती वाटतेय. येते मी."