रुंद भिंगाची फत्ते, जेणेकरून आक्कासाहेब सबंध आल्या

वाचणार धनी यांचे सेवेसी, आणि ज्यांच्या घरच्या फोटोंत कोणी ना कोणी अर्धाच उरला आहे त्या सकळ मंडळींचे सेवेसी, लिहिणाराचे हात जोडून अर्ज ऐसाजे : ही हकीकत लिहावी म्हणोन कोणी आज्ञा केली नाही, तरी राहवले नाही म्हणोन लिहिली. पदरचे तिखटमीठ आहे, परंतु चवीपुरते. आणि लढाई लहान म्हणोन कोणी हसू नये, कारण ज्याचे जळते त्यालाच कळते.

मूळ कारण येणेप्रमाणे. कातरबहाद्दर, सुईसमशेर, शिलाईखात्याचे मुखत्यार टेलर मास्तर यांचे राज्य म्हणजे पुढली एक खोली. तीत एके भिंतीस पायमशीन, समोरचे भिंतीस कापडाचे कपाट, मध्ये कापणीचे टेबल, आणि उरल्या जागेत कुटुंब. मास्तरांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांनी, आईबाप लवकर गेले तेव्हा, याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून धाकट्या भावास वाढविले, आणि मग त्याचे हाती कातर दिली, आणि मग लग्न करून दिले, आणि उपरांतिक मुठीत मावेल ऐसा एक डिजिटल कॅमेरा त्यास नजर केला. कॅमेरा आबदार, परंतु नजर अरुंद, आणि खोली त्याहून अरुंद. मग जो जो फोटो निघे त्यात मास्तर असत, मालकीणबाई असत, दोघी कन्या असत, माप द्यायला आलेले गिऱ्हाईकही असे, आणि आक्कासाहेबांचा मात्र कधी खांदा, कधी कोपर, आणि एकदा तर नुसती चप्पल. ज्यांनी कॅमेरा दिला त्याच त्यात कधी आल्या नाहीत.

ऐसे चालत असता खबर आली की आक्कासाहेबांस पुत्राने समुद्रापलीकडे आपले घरी कायमचे बोलाविले आहे आणि येत्या रविवारचे विमान ठरले आहे. हे ऐकताच मास्तरांचे हातून शर्टाचे काज उलट्या बाजूस पडले, जे उभ्या हयातीत पडले नव्हते. आणि मग त्यांनी पण केला की आक्का जाण्यापूर्वी याच खोलीत, याच मशीनपाशी, सबंध फोटोत आली पाहिजे, नाहीतर पुन्हा कातर हाती धरणार नाही. यातला कातरीचा भाग त्यांनी लगोलग मागे घेतला, कारण दुसरे दिवशी लग्नघरचे कोट द्यायचे होते.

मग कापणीच्या टेबलाभोवती मसलत बसली. मालकीणबाईंचे मत पडले की फोटो रस्त्यावर काढावा, जागाच जागा. ते नामंजूर जाहले, कारण आक्कासाहेबांचे फर्मान होते की फोटो मशीनपाशी, अन्यत्र नाही. मग थोरल्या कन्येने सुचविले की खुद्द कॅमेरा रस्त्यावर न्यावा आणि दारातून आत रोखावा. त्याची आजमावणी जाहली, परंतु दाराच्या चौकटीत सारे कुटुंब खुंटीवरल्या कपड्यांसारखे दाटले आणि ऐन वक्ती एक स्कूटर मधून गेली. धाकट्या कन्येने मोबाईलचा पक्ष मांडला. त्यावर मास्तरांनी एवढेच कळविले की कॅमेरा आक्काने दिला, आक्का त्यातच येईल. अखेर धाकटीनेच शोध लाविला की ऐशा लहान कॅमेऱ्याचे तोंडावर वरून चढविण्याची भिंगे मिळतात, त्यांतले एक दूरचे जवळ आणते आणि दुसरे आजूबाजूचा मुलूख ओढून फोटोत घालते, आणि नवा कॅमेरा घेण्याहून ती बहुत स्वस्त पडतात. हे ऐकोन मास्तर ऐसे हर्षले की त्यांनी मापाची टेप गळ्यात घालूनच जेवण केले.

दुसरे दिवशी खाशी स्वारी सहकुटुंब बाजारी निघाली. कॅमेरा मात्र घरीच ठेविला, कारण आक्कांची भेट गर्दीत नेऊ नये ऐसा मालकीणबाईंचा सक्त हुकूम होता. भिंगांचे दुकान म्हणजे काचेचा किल्ला, आणि किल्लेदार ऐसा की एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. त्याने प्रथम मोठ्या कॅमेऱ्यांची फौज पुढे घातली. मास्तर डगमगले नाहीत. मग त्याने दूरचे जवळ आणणारे भिंग काढिले आणि म्हणाला की याने समोरच्या गच्चीवरले कबुतर मोजता येते. मालकीणबाईंनी उत्तर केले की कबुतरे आम्हांस नको, नणंद हवी. आणि मग त्याने रुंद भिंग काढून दिले, आणि मास्तरांनी ते डोळ्यास लाविले, आणि सारे दुकान, किल्लेदार, दोन्ही चष्मे, दारातले कुत्रे, एवढे सगळे एकदम आत आले. मास्तर जागच्या जागी गोल फिरले आणि पुन्हा फिरले, आणि कन्यांनी त्यांस धरून थांबविले.

भाव मालकीणबाईंनी केला. तो कैसा केला हे लिहिण्यास लेखणी धजत नाही, एवढे मात्र खरे की किल्लेदाराने शेवटी कपाळावरला चष्माही उतरविला.

आता ज्या चुकीमुळे मोहीम बुडू पाहत होती ती सांगतो. भिंगाखाली एक धातूचे कडे असते, ते कॅमेऱ्याचे पुढे निघणाऱ्या सोंडेवर चपखल बसावे लागते, म्हणोन किल्लेदाराने सोंडेचे माप विचारिले. मास्तरांनी ते घरून घेऊनच ठेविले होते आणि छाती पुढे काढून सांगितले. परंतु सारा जन्म ज्याने माणसांची मापे घेतली, त्याची जीभ नेमके माप सांगेल कैसी? अंगास आवळू नये, श्वास घेता यावा, एका धुण्यात आटले तरी चालावे, म्हणोन प्रत्येक मापात ढिलाई धरणे ही त्यांची रीत. ती त्यांनी कॅमेऱ्यासही धरिली. घरी येऊन भिंग चढविले तों ते सोंडेवर दोनदा डुलले आणि सुटून कापडाच्या ढिगात पडले. धाकटीने विचारिले की कॅमेरा आटेल तेव्हा बसेल काय. दुकानावर तर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मास्तर मशीनवर डोके टेकून बसले, आणि त्यांस खरेच रडू आले, कारण दुसरे दिवशी रविवार होता.

परंतु शिंप्याचे रडणे ते किती? हात आपसूक खणात गेला आणि बकरम हाती आले, जे घातल्याने शर्टाची कॉलर ताठ उभी राहते. मग त्यांनी बकरमची पट्टी कापिली, कड्याच्या आत गुंडाळिली, कडा शिवून घेतल्या, आणि पारखून पाहता भिंग सोंडेवर ऐसे बसले की हलविता हलेना. येणेप्रमाणे कॅमेऱ्यास कॉलर लागली, आणि मास्तरांनी सवयीने तीस इस्त्रीही केली.

रविवारी सकाळी कॅमेरा कापडाच्या ताग्यांवर ठेवून, आपोआप टिपण्याचा खटका दाबून, मास्तर धावत मंडळीत सामील जाहले. फोटो पाहता कपाटास पोट आले होते, चारी कोपरे काळवंडले होते, आणि खोली दरबारासारखी ऐसपैस दिसत होती. परंतु आक्कासाहेब पुन्हा अर्ध्याच. मास्तरांनी भिंग पुसले, पुन्हा टिपले. पुन्हा अर्ध्याच. मग शेजारचे इस्त्रीवाले जागा पुष्कळ आहे ऐसे ऐकोन सहकुटुंब दाखल जाहले, तों आक्कासाहेबांचे कोपरच काय ते उरले.

मास्तर चकित. मग चौथे वेळी त्यांनी कॅमेऱ्याकडे न पाहता आक्कांकडे पाहिले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागताच आक्कासाहेबांनी धाकटीस आत ओढिले, इस्त्रीवालीस पुढे घेतले, आणि स्वतः एक पाऊल बाजूस जाहल्या. कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांस स्वतःसही ते ठाऊक नसावे.

"आक्का, तू सरकतेस," मास्तर म्हणाले.

"मग? तुम्ही सगळे मावायला नको का?"

जगात ऐसे भिंग कोणी घडविले नाही जे आक्कासाहेबांहून रुंद होईल, कारण जितकी जागा ते काढी तितकी त्या दुसऱ्यास देत. मग मास्तरांनी भगिनीस हाती धरून मशीनच्या स्टुलावर बसविले. त्या बसल्या, आणि इस्त्रीवाले उभेच आहेत ऐसे पाहून लगेच उठू लागल्या. मग मास्तरांनी तो पराक्रम केला ज्यासाठी ही बखर लिहिली : आक्कासाहेबांचे शालीचा काठ ओढून मशीनच्या सुईखाली घातला आणि कापड दाबून धरणारा पाय वरून खाली सोडला. आक्कासाहेब गिरफ्तार जाहल्या.

"सोड रे, उसवेल."

"उसवू दे. मी शिवून देईन."

आणि मग मास्तर धावले, आणि खटका दाबिला, आणि पुन्हा धावले, आणि टेबलास ठेचकाळून भगिनीचे खांद्यावरच येऊन आदळले, आणि सारे मोठ्याने हसले, आणि दिवा लुकलुकून थांबला.

सबब नोंद केली ऐसीजे : फत्ते जाहली. आक्कासाहेब मध्यभागी, डोक्यापासून चपलेपर्यंत सबंध, हसताना. कपाट वाकडे. इस्त्रीवाले कडेस असल्याकारणे प्रमाणाबाहेर रुंद, आणि त्यांनी त्याविषयी तक्रार गुदरली नाही. मास्तर हसतात की रडतात याचा निवाडा जाहला नाही.

फोटो निघाल्यावर सारे पांगले, आक्कासाहेब मात्र उठल्या नाहीत. मशीनचा तो पाय उचलायचा खटका त्यांच्या हाताशीच होता, आणि उभा जन्म तो त्यांनीच वरखाली केला होता. त्यांनी तो उचलला नाही. मास्तर शेजारी जमिनीवर बसले, आणि दारात विमानतळाच्या गाडीचा भोंगा तीनदा वाजेपर्यंत बहीणभाऊ तैसेच बसून राहिले.