खिडकी क्रमांक चार आणि बर्फाचं बेट

रहिवासी दाखल्यांच्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर बसणाऱ्या मुख्य कारकुनांना सारं गाव पुरावेसाहेब म्हणत असे. हे नाव त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं. बावीस वर्षांच्या निष्कलंक सेवेतून ते आपोआप चिकटलं होतं. समोर जन्मापासून त्याच गल्लीत राहिलेला माणूस उभा असला, तरी साहेब चष्म्यावरून एकदा पाहत आणि अगदी मऊ आवाजात विचारत, "पुरावा?"

एकदा कार्यालयासमोरचा घड्याळजी दाखल्यासाठी आला. साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ त्यानेच आदल्या आठवड्यात दुरुस्त करून दिलं होतं.

"साहेब, तुम्ही मला ओळखता की हो!"

"व्यक्तिशः ओळखतो," साहेब म्हणाले. "कार्यालय ओळखत नाही."

दाखल्याचे अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या घरी बसून खोटे पत्ते भरणाऱ्यांना आळा घालायला कलम सात आलं: अर्जदाराच्या घरचं इंटरनेट सलग तीस दिवस त्याच पत्त्यावरून चाललेलं असावं. ते कलम साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. वरिष्ठांनी त्याबद्दल पाठवलेलं प्रशंसापत्र त्यांनी काचेत घालून दिवाणखान्यात टांगलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसेल अशी खुर्चीही त्याच्यासमोर ठेवली होती.

दुसऱ्यांच्या घरची सगळी कागदपत्रं मागणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या घरातली साधी शिंक बाहेर गेलेली मात्र खपत नसे. ही दुखरी जागा बरोबर सापडली ती त्यांच्या मेहुण्याला. मेहुण्याचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्याच्याजवळ आतली बातमी असे.

"दाजी, तुमचं घर म्हणजे काचेची पेटी आहे," तो चहाची कपबशी हातात घेऊन म्हणाला. "तुम्ही काय बघता, काय विकत घेता, ताईचे गुडघे दुखतात, सगळं कंपन्यांना ठाऊक."

"माझे गुडघे त्यांना कशाला हवेत?" आतून साहेबांची पत्नी म्हणाली.

"म्हणूनच सांगतो, व्हीपीएन घाला. आपलं सगळं येणंजाणं झाकलेल्या बोगद्यातून. बाहेरच्याला वाटतं, माणूस भलत्याच देशात बसलाय!"

एका वर्गणीत पाच उपकरणं चालत होती आणि घरात नऊ निघाली. पण मेहुणा हार मानणाऱ्यांतला नव्हता. "राउटरवरच घालून टाकू. मग अख्खं घर म्हणजे एकच उपकरण!" हा हिशेब साहेबांना एवढा आवडला की पडद्यावर आलेल्या सव्वीस पानी अटी न वाचताच त्यांनी "मान्य आहे" दाबलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादा कागद न वाचता मंजूर केला होता. देश निवडायची वेळ आली, तेव्हा मेहुण्याने उत्तरेकडचं एक बर्फाळ बेट निवडलं. तिथे कुणी कुणाची चौकशी करत नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

त्या क्षणापासून ते घर, भिंतीवरच्या प्रशंसापत्रासकट, परदेशी गेलं.

सुरुवातीला गंमत वाटली. पत्नीचा फोन रोज सकाळी तिला उणे अकरा तापमान सांगे आणि जाड कोट घालून बाहेर पडायला बजावी. ती बिचारी घाम पुसत पुसत कपडे वाळत घाली. टीव्ही अगम्य भाषेत बोलू लागला. दुकानांचे संदेश येऊ लागले ते बर्फ उपसायच्या फावड्यांचे. साहेबांना मात्र सुख सुख झालं. कंपन्यांचा बंदोबस्त झाला म्हटल्यावर त्यांनी शेजारणीचाही करून टाकला. कुंपणाची भिंत चार हात उंच करून घेतली आणि खिडक्यांना आतून दुधी कागद चिकटवला.

"भावोजी, भिंत कशाला हो वाढवलीत?" पलीकडून काकूंचा आवाज आला. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. "उन्हाची तिरीप यायची माझ्या झाडांना."

उत्तरादाखल साहेबांनी न्हाणीघराच्या झरोक्यालाही दुधी कागद चिकटवला.

बेचाळीस दिवस असे गुप्ततेत गेले. मग साहेबांच्या लेकीचा परिचारिका विद्यालयाचा अर्ज भरायचा दिवस उजाडला. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती बाहुल्यांना, मांजरांना आणि झोपलेल्या मामाला पट्ट्या बांधत आली होती. गुण चांगले होते. फक्त स्थानिकांसाठीच्या जागेला रहिवासी दाखला हवा होता, आणि तोही शुक्रवारी पाचच्या आत. बाप खिडकी क्रमांक चारवर असताना काळजी कसली! सोमवारी तिने घरूनच अर्ज केला.

तीन सेकंदांत उत्तर आलं: "अर्जदाराचे घर गेले बेचाळीस दिवस परदेशी आहे. कलम सात."

"मामा!" लेक ओरडली.

मेहुणा धावत आला, त्याने व्हीपीएन काढून टाकलं आणि म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना! आता भर." तिने पुन्हा अर्ज भरला. या वेळी उत्तराला पाच सेकंद लागले: "अर्जदार चार मिनिटांत बर्फाळ बेटावरून येथे आल्याचे दिसते. प्रवासाचे तिकीट जोडावे. तिकीट नसल्यास प्रवास कोणत्या वाहनाने केला, ते नमूद करावे."

मंगळवारी साहेब वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कलम सात पुन्हा एकदा वाचलं.

"काय बिनतोड लिहिलंयत हो," ते म्हणाले. "एक फट नाही कुठे."

"पण साहेब, मी रोज कामावर येतोय. हजेरीपटावर माझी सही आहे!"

"त्यावरून तुम्ही इथे काम करता एवढं सिद्ध होतं. राहता कुठे, हा वेगळा विभाग. स्थळपाहणी मागा."

गुरुवारी स्थळपाहणीचा कारकून आला. साहेबांच्याच हाताखाली शिकून तयार झालेला. त्याने नळ सोडून पाहिले, दात घासायचे ब्रश मोजले, उशांवर हात ठेवून त्या किती दबल्यात ते बघितलं. कंपन्यांपासून जपलेलं सगळं घर साहेबांनी त्याला हौसेने उघडून दाखवलं: कपाटं, औषधांचा डबा, पत्नीच्या गुडघ्यांचे एक्स-रे. कारकुनाने लिहिलं, "घरात तीन माणसे आढळली. मात्र ती राहतात की पाहुणी आली आहेत, हे नुसते पाहून सांगता येत नाही."

"अरे, तू माझ्या हाताखाली नऊ वर्षं आहेस!"

"साहेब, तुमचीच शिकवण," तो नम्रपणे म्हणाला. "आता एक शेजाऱ्याचा जबाब घेतो. तो अनुकूल आला की झालं."

सगळे काकूंच्या दारात गेले. काकू खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगत आल्या होत्या, आता म्हातारपणी कुठे सवय मोडणार?

"आजचा दिवस सोडून, गेल्या तीस दिवसांत हे कुटुंब आपल्या दृष्टीस पडलं का?"

काकूंनी उंच भिंतीकडे पाहिलं. मग दुधी खिडक्यांकडे. "पोरीचं कल्याण व्हावं असं मला फार वाटतं हो," त्या कळवळून म्हणाल्या. "पण दिसलं म्हणून कसं सांगू? कुणीच दिसलं नाही."

शुक्रवारी अकरा वाजता फाइल फिरत फिरत खिडकी क्रमांक चारवर आली. लेक समोरच उभी होती.

"बाबा, सही करा ना. पाचला बंद होतंय."

साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, हे तिथल्या शिपायाने पाहिलंय. पण बावीस वर्षांची सवय हाताच्या आधी पुढे गेली.

"बाबा, तुम्ही मला ओळखता ना?"

"व्यक्तिशः..." साहेब म्हणाले आणि तिथेच थांबले. उरलेलं वाक्य त्यांनी वळणदार अक्षरात कागदावर लिहिलं: "अर्जदार परदेशी वास्तव्यास असल्याबाबत या कार्यालयाची पूर्ण खात्री झाली आहे. सबब, अर्ज नामंजूर." खाली सही, तारीख आणि गोल शिक्का.

लेकीने तो कागद घेतला. ती रडेल असं साहेबांना वाटलं होतं. ती तो पुन्हा पुन्हा वाचत राहिली. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या भुवया वर गेल्या आणि तिसऱ्यांदा वाचून ती विद्यालयाकडे पळत सुटली.

परिचारिका विद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन जागा होत्या. सहा वर्षांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. त्यासाठी कागद एकच लागे: अर्जदार परदेशी राहत असल्याचं सरकारी शिक्क्याचं पत्र. एवढं खणखणीत पत्र तिथल्या बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. तिला दहा मिनिटांत प्रवेश मिळाला. वर खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आमच्या हवेचा त्रास तर होत नाही ना, असंही विचारलं.

"भाषा किती छान बोलतेस गं आमची!" बाई कौतुकाने म्हणाल्या.

एकच अट राहिली. आप्तांपासून दूर आलेल्या विद्यार्थिनीला स्थानिक पालक हवा. साहेबांनी तातडीने फॉर्म भरला आणि तो तितक्याच तातडीने परत आला: "पालक स्वतःच बर्फाळ बेटाचे रहिवासी आहेत." शेवटी पाचला सात मिनिटं असताना काकूंनी सही केली. स्थानिक पालकाने महिन्यातून दोनदा विद्यार्थिनीच्या निवासस्थानी जाऊन तिची खोली, जेवणखाण आणि घरातलं वातावरण पाहावं, आणि तसा लेखी अहवाल द्यावा, असा नियम होता. काकूंनी पहिला अहवाल साडेचार पानी दिला. त्यात गुडघ्यांवर एक स्वतंत्र परिच्छेद होता.

सोमवारी साहेबांनाच नोटीस आली. दाखले देणारा कर्मचारी स्थानिक रहिवासी असावा, हा नियम जुनाच होता. स्वतःच्या दाखल्यासाठी ते रांगेत उभे राहिले. खिडकी क्रमांक चारच्या आत आता स्थळपाहणीचा कारकून बसला होता.

"पुरावा?" त्याने मऊ आवाजात विचारलं.

"या रांगेतल्या कुणालाही विचार! सगळे ओळखतात मला!"

कारकुनाने रांगेकडे पाहिलं. पहिलाच घड्याळजी होता. त्याने साहेबांच्या मनगटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"ओळखतो की," तो म्हणाला. "व्यक्तिशः."

काकूंकडे जबाब मागायला साहेब गेले, तेव्हा त्यांनी झाडाला पाणी घालणं थांबवलं नाही. "देते ना, भावोजी. पण नियम तीस दिवसांचा आहे. आधी दिसा तर खरं."

भिंत उतरली, खिडक्यांवरचा कागद निघाला. साहेब आता रोज सकाळी सात वाजता कुंपणाशी उभे राहतात, काकू दिसल्या की हात वर करतात, आणि काकू वहीत खूण करतात. आज सतरावा दिवस आहे. मध्ये एक दिवस चुकला होता, म्हणून मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागली.

कलम सात अजून लागू आहे, आणि ते सर्वांसाठी आहे. आपला तर सगळा कारभार स्वच्छ आहे, तेव्हा आपल्याला कसली भीती, असं म्हणून तुम्ही हसत असाल, तर हसा. फक्त एवढं आठवून ठेवा: तुमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या माणसाला तुम्ही शेवटचे कधी दिसलात? आणि त्याला विचारलं, तर तो काय सांगेल?